जुन्या आवृत्तीतलं तिचं पान

माझी बायको गेली त्याला आता चार वर्षं होतील. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक तिच्याबद्दल जे बोलले ते माझ्या मोठ्या भावाने टाइप करून आमच्या वेबसाइटवर ठेवलं होतं. ते पान आता नाही. ते कसं गेलं आणि मला ते किती उशिरा कळलं, एवढंच इथे लिहायचं आहे. मी शिरूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कॉम्प्युटरमधलं मला कामापुरतं कळतं, म्हणून तांत्रिक गोष्टी मला जशा समजल्या तशाच लिहितो.

आमच्यात माणूस गेल्यावर जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्रिशरण-पंचशील झालं की लोक एकेक करून उठतात आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. कुणी दोन वाक्यं बोलून रडत खाली बसतं. कुणी पंधरा मिनिटं स्वतःबद्दलच बोलतं. एखादा पुढारी उशिरा येतो आणि गेलेल्याचं नाव चुकवतो. पण या सगळ्यातून घरच्यांना माहीत नसलेली एखादी तरी गोष्ट निघतेच. आमचे आबा रेल्वेत गँगमन होते. ते गेले तेव्हा त्यांच्याबरोबर काम केलेला एक म्हातारा उठला आणि म्हणाला की, दुपारच्या सुट्टीत आबा रुळाखालच्या काळ्या स्लीपरवर खडूने अक्षरं काढून त्याला सही शिकवायचे. आबांनी हे कधी घरी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघे भाऊ त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिलो.

दादाच्या मनाला ते फार लागलं. ही बोलणी मांडवाबरोबर गुंडाळली जातात, ती कुठेतरी राहायला हवीत, असं तो महिनाभर म्हणत होता. तेव्हा तो दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता, वय पंचेचाळीसच्या पुढे. त्याने माझ्याकडे पुस्तक मागितलं. मी आमच्या ग्रंथालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याला दिलं. वेब सर्व्हर कसा चालवायचा आणि पीएचपी नावाच्या भाषेत वेबसाइट कशी लिहायची, असं दोन्ही त्यात होतं. सर्व्हरही फुकट आणि भाषाही फुकट, कुणाचीही परवानगी नको, याचं त्याला अप्रूप वाटलं. सिग्नलचं मॅन्युअल वाचावं तसं त्याने ते पुस्तक वाचलं, पेन्सिलीने ओळी आखत, रोज थोडं. दीड वर्षाने वेबसाइट उभी राहिली. प्रत्येक माणसाला एक पान. वर फोटो, खाली ज्याने त्याने जे सांगितलं ते, सांगितलं तसंच. दादा कार्यक्रमात मोबाइलवर आवाज टिपून घ्यायचा, घरी जाऊन टाइप करायचा आणि मग मोबाइल भरतो म्हणून रेकॉर्डिंग पुसून टाकायचा. शिरूर, दौंड, कुरकुंभ, रांजणगाव, जिथे जिथे आमचे लोक आहेत तिथून पानं जमा झाली. पुस्तक मात्र परत आलं नाही. मी ते माझ्याच कार्डावर वर्षानुवर्षं वाढवत राहिलो.

माझी बायको रांजणगावच्या एका कंपनीत होती. गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधून त्यावर टेप गुंडाळायचं काम. पहिली पाळी असली की सकाळी साडेपाचला नाक्यावर कंपनीची बस. पुस्तकं ही घरात माझी गोष्ट होती असं मी समजत होतो. जेवताना ती विचारायची, आज काय आणलंय. मी सांगायचो. मग विचारायची, पुढं काय झालं. तेही सांगायचो. ती मला बरं वाटावं म्हणून विचारते, असंच मला बावीस वर्षं वाटत आलं.

तिच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी काहीच ऐकलं नाही. पांढरा शर्ट घालून बसलो होतो आणि मांडवाच्या दोरीची एक गाठ सैल होत चालली होती तिकडे बघत होतो. कोण उठलं, कोण बसलं, आठवत नाही. दोन महिन्यांनी दादाने पान तयार करून पाठवलं तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं. त्यात शेवटचं बोलणं एका परप्रांतीय बाईचं होतं. कंपनीत ती हिच्या शेजारी बसायची. पूर्वांचलाकडची, बोलणं हिंदी, मधेच मराठी. दादाने ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

तिने सांगितलं होतं की दीदी रोज बसमध्ये पुस्तकाची गोष्ट सांगायची. नाक्यापासून कंपनीच्या गेटपर्यंत. आख्खी बस ऐकायची. गेट आलं आणि गोष्ट बाकी असली तर ड्रायव्हर गाडी हळू करायचा. शेवट आवडला नाही तर दीदी तो बदलायची आणि सांगून बदलायची की किताबात वेगळं आहे पण ते काही खरं नाही. एकदा तिच्याकडे पुस्तकातली गोष्ट नव्हती, म्हणून तिने माहेरची सांगितली. तिचं माहेर इनामगाव. तिथे नदीकाठी जुनी वस्ती खणून काढलेली आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या बाईचे शब्द असे होते, "दीदी बोली, हमारे गाँव में बहुत पुराने लोग मरनेवाले का पाँव काट के घर के अंदर ही गाड़ते थे, ताकि वो जाए नहीं. हम पूछे, तो फिर वो गया क्या?"

आणि त्यापुढे माझ्या बायकोने दिलेलं उत्तर होतं. एकच ओळ.

ती ज्या तारखेला गेली, त्या तारखेला दर महिन्याला मी ते पान उघडायचो. दुपारी, ग्रंथालयातल्या माझ्या टेबलावर. समोर वाचनकक्षात विद्यार्थी बसलेले असायचे. त्या प्रश्नापर्यंत मी सावकाश वाचत यायचो. उत्तराशी आलं की डोळे भरायचे, आणि पोरांसमोर नको म्हणून ती ओळ मी भरभर ओलांडून पान वर सरकवायचो. जी ओळ मला सगळ्यात हवी होती तीच मी सगळ्यात कमी वाचली, हे मला नंतर कळलं.

मी त्याचा कागद का काढून ठेवला नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. ग्रंथपालाला विचारावं असाच हा प्रश्न आहे. कागदाचं काय होतं हे मी रोज बघतो. कसर लागते, वाळवी लागते, पानं कुणीतरी ब्लेडने कापून नेतं. दादाच्या सर्व्हरवर असलेली गोष्ट त्या सगळ्यापासून दूर आहे असं मला वाटायचं. शिवाय तो दादाचा सर्व्हर होता.

तिच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या आधी आमच्या कॉलेजच्या वेबसाइटमध्ये कुणीतरी बाहेरून घुसलं. प्रवेशाच्या यादीच्या जागी भलत्याच जाहिराती दिसू लागल्या. कॉम्प्युटर विभागाच्या मॅडमनी दोन दिवसांत ते निस्तरलं आणि स्टाफरूममध्ये आम्हाला समजावून सांगितलं. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर जगभरचे लोक मिळून सुधारत असतात. त्यात कुठे भोक सापडलं की ते बुजवून नवी आवृत्ती काढतात, आणि भोक कुठे होतं तेही जाहीर करतात. त्यामुळे जो नवी आवृत्ती घेत नाही, त्याच्या घराची कुठली कडी मोडकी आहे हे चोरांनाही माहीत होतं. आपल्या कॉलेजने चार वर्षं घेतली नव्हती, म्हणाल्या.

मी त्याच संध्याकाळी दादाला फोन केला. आपल्याकडचं काय, असं विचारलं.

"झालंय ते," दादा म्हणाला. "मागच्या रविवारीच केलं. तू नको काळजी करू."

बॅकअप घेतोस ना, असंही विचारलं. दर रविवारी निघतो, म्हणाला. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं की माझा भाऊ रेल्वेतून रिटायर झालेला असूनही हे सगळं वेळच्या वेळी करतो. त्यांनी कौतुक केलं. मला बरं वाटलं.

त्याचं कारण असं की, दादाच्या तोंडून मी लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलो होतो. सिग्नल खात्यात चूक माफ होते, उशीर माफ होतो, पण न केलेलं काम केलं असं सांगणं माफ होत नाही. त्यापायी गाडीखाली माणसं येतात, असं तो म्हणायचा. नोकरीची छत्तीस वर्षं त्याने त्यावर काढली होती.

दोन वर्षांनी, तिच्या तारखेला, मी पान उघडलं तर तिच्या फोटोच्या जागी रमीची जाहिरात होती. हिरव्या टेबलावर पत्ते आणि एक हसणारी बाई. मला वाटलं मीच चुकीचं काही दाबलं. पुन्हा उघडलं. आबांचं पान उघडलं. तिथेही तेच.

दादाला फोन केला. तो म्हणाला की सर्व्हरवाल्यांचा काहीतरी घोळ असेल, आठ दिवस थांब. आठ दिवसांनी म्हणाला, अजून आठ दिवस. मग फोन वहिनी उचलू लागली आणि ते कामात हायेत असं सांगू लागली. कसलं काम, विचारलं तर म्हणायची, तेच ते, कॉम्प्युटरचं, जेवायलासुद्धा उठत न्हाईत.

त्या आठ-आठ दिवसांचं मला सगळ्यात वाईट वाटतं. पान गेलं हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याने तेव्हाच सांगितलं असतं तर मी त्या तासाला वही घेऊन बसलो असतो आणि मला जेवढं आठवत होतं तेवढं उतरवून काढलं असतं. पण पान परत येणार होतं. परत येणाऱ्या गोष्टीची आठवण कोण लिहून ठेवतं? मी वाट बघत राहिलो आणि तेवढ्यात माझ्या डोक्यातली ओळही विरळ होत गेली.

त्या बाईचा शोध मी केला. ती केव्हाच गावी परतली होती. तिच्या नंबरवर आता एक टेम्पोवाला बोलतो. तिला कामावर लावणाऱ्या ठेकेदाराकडे तिच्या जिल्ह्याचंही नाव नव्हतं. बसमधल्या दोघी जणी मला नाक्यावर भेटल्या. गोष्टींचं त्या भरभरून बोलल्या, पण इनामगावची त्यांना आठवत नव्हती. त्यातली एक म्हणाली, "मामा, तिनं सांगितलेलं सगळं पुस्तकातलंच वाटायचं. कुठलं तिचं आन् कुठलं पुस्तकातलं, आमाला काय ठावं."

दीड महिन्याने मी मॅडमकडे गेलो आणि त्यांना आमची वेबसाइट बघायला सांगितलं. त्यांनी अर्धा तास बघितलं. मग मला विचारलं की हे अपग्रेड केलं असं कोण म्हणालं होतं. भाऊ म्हणाला होता, मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. ती पीएचपीची पाचवी आवृत्ती होती. जग आठवीवर आहे, त्यांनी सांगितलं, आणि पाचवीकडे बघणारं आता कुणी उरलेलं नाही.

"सर, हे एकदाही अपग्रेड झालेलं नाही. पहिल्या दिवसापासून जसं होतं तसंच आहे."

घुसलेल्यांनी सर्व्हरवरचा सगळा मजकूर पुसला होता. इंटरनेटवर दुसरीकडे कुठे त्याची प्रत राहिली असेल का, तेही त्यांनी शोधलं. नव्हती. ही घरची दुःखं आहेत, ती कुणालाही शोधून सापडू नयेत, म्हणून दादाने सुरुवातीलाच गुगलसारख्या शोधयंत्रांना दार बंद केलं होतं. ते त्याने पुस्तकात वाचून नीट केलं होतं.

पुढच्या रविवारी मी एसटीने न्हावऱ्यावरून दौंडला गेलो. दादा रिटायर झाल्यावर रेल्वे कॉलनीच्या मागेच घर बांधून राहिला आहे. मी न कळवता गेलो होतो. त्याने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि ये म्हणाला. वहिनीने पाणी दिलं. कॉम्प्युटरवर कापड घातलेलं होतं. शेजारी आमच्या ग्रंथालयाचं ते जाड पुस्तक, पुठ्ठ्याला चिकटपट्टी.

मी म्हटलं, "तू मला झालंय म्हणाला होतास."

"व्हय."

"मग?"

तो उठला आणि कपाटातून एक लांबट वही घेऊन आला. माझ्यासमोर ठेवली. वाच, म्हणाला, मग काय म्हणायचं ते म्हण.

त्या वहीचं सांगायला हवं. रेल्वेत चालू सिग्नलला कुणी असाच हात लावत नाही. आधी स्टेशन मास्तरला लेखी कळवायचं की, अमुक वेळ आम्ही हे बंद करून काम करणार. त्या वेळात गाडी नसेल तर मास्तर सही करतो. गाड्या असतील तर काम रद्द. दादाने घरच्या वेबसाइटसाठीही तशीच वही केली होती. कळवणारा तोच, मास्तरही तोच. पानोपानी त्याचं सरळ, टोकदार अक्षर. रविवारी काम घेणे. खाली शेरा. रद्द, कुरकुंभच्या मामांचं सोमवारी पुण्यानुमोदन, वेबसाइट चालू हवी. रद्द, केडगावच्या आत्याचं तेरा तारखेला, लोक पान बघतील. रद्द, स्मृतिदिन. रद्द. रद्द. सात-आठ वर्षांत त्याला एकही रविवार मोकळा मिळाला नव्हता.

"लोकं मरायची थांबतच न्हाईत," दादा म्हणाला. "बंद कवा करायचं?"

आतून वहिनी म्हणाली, "नवा मोबाइल आणला तवा महिनाभर खोक्यातनं काढला न्हाई. तवा कोण मेलं व्हतं?"

दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. तो पुस्तकावर हात ठेवून बोलू लागला. तो इतकं सलग कधी बोलत नाही. नव्या आवृत्तीत या पुस्तकातल्या निम्म्या आज्ञा काढून टाकल्यात, तो सांगत होता. डेटा ज्या आज्ञेने आणायचा तीच नाही. ती लिहिली तर सरळ सांगतं की असलं काही नसतं. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने ते पाठ केलं होतं, ड्यूटीवर जाता-येता. आता तो पासष्टचा. कुणी ठरवलं की ते नको, कुणी विचारलं मला, असं तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा चढला. फुकट दिलं तवा किती गोड बोलले व्हते.

मला त्याचं म्हणणं कळत होतं. तेव्हाही कळत होतं. पण मी वही चाळत होतो आणि त्या रविवारचं पान मला सापडलं. माझ्या फोनच्या आधीचा रविवार. त्यावर रद्द लिहिलेलं नव्हतं. काम पूर्ण. चाचणी घेतली. ठीक. खाली सही.

"हे काय आहे?"

त्याने वही स्वतःकडे ओढली.

"तुझा फोन ठेवला आन् लिहिलं," तो म्हणाला. "वाटलं, लिहिलंय म्हंजी आता करावंच लागंल."

"आणि?"

"मग परत कुणीतरी गेलं."

मी बॅकअपचं विचारलं. त्याने कॉम्प्युटरवरचं कापड काढलं आणि दाखवलं. दर रविवारची एक फाइल, तारखेसह, एकाखाली एक. तो दर रविवारी तारीख बघायचा आणि कॉम्प्युटर बंद करायचा. उघडून त्याने एकही बघितली नव्हती. माझी बायको जायच्या चार महिने आधी डिस्क भरली होती आणि तिथून पुढच्या सगळ्या फाइली रिकाम्या होत्या. नुसती नावं. त्याच्या आधीचं सगळं शाबूत होतं.

"आबांचं हाय," तो म्हणाला. मला धीर द्यावा असा.

वहिनीने ताट वाढलं होतं. मी जेवलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातून न जेवता निघालो. दादा एसटी स्टँडपर्यंत मागे आला, चार पावलं अंतर ठेवून. गाडी सुटेपर्यंत उभा होता.

त्यानंतर पाच महिने मी त्याला फोन केला नाही. त्याच्या खोटेपणापेक्षा मला दुसरंच काहीतरी खुपत होतं. मी त्याला विचारलं होतं. मुद्दाम फोन करून, नेमकं तेच विचारलं होतं. त्या वेळी तो नाही म्हणाला असता तर मी मॅडमना गाठलं असतं, कागद काढला असता, हाताने उतरवून घेतलं असतं. माझं विचारणंच त्याने फुकट घालवलं. तिच्या आजारात डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी मला बरं वाटेल असंच सांगितलं होतं. दादा त्यांच्यातला नाही असं मी धरून चाललो होतो.

मधल्या काळात मॅडमनी एकदा सांगितलं की दादा त्यांना फोन करतो. नंबर त्याने माझ्याकडून नाही, कॉलेजातून मिळवला होता. नवी आवृत्ती कशी बसवायची, कुठल्या आज्ञेच्या जागी कुठली घालायची, असं सगळं विचारतो. वहीत लिहून घेतो. फार हळू शिकतात, पण विसरत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

दिवाळी झाल्यावर दादाचा मेसेज आला. नुसती लिंक. मी ग्रंथालयातच होतो. उघडली. वेबसाइट परत आली होती, नवी, स्वच्छ. आबांचं पान होतं. मामांचं, आत्याचं होतं. तिचंही होतं. नातेवाइकांना विचारून विचारून त्याने त्यांची बोलणी पुन्हा मिळवली होती, आणि सर्वांत शेवटी त्या बाईचं भाषण होतं. पूर्ण.

मी वाचू लागलो. बस होती. गेट होतं, हळू होणारी गाडी होती. किताबात वेगळं आहे ते होतं. इनामगाव होतं. तो प्रश्न होता आणि त्यापुढे उत्तर होतं. "दीदी बोली, नहीं गया. इसीलिए तो खोदनेवालों को मिला."

मी समोरच्या पोरांची पर्वा न करता रडलो. एक मुलगी उठून पाण्याची बाटली घेऊन आली. मी दादाला फोन लावला आणि एवढंच विचारलं की हे कुठे सापडलं.

"सापडलं न्हाई," तो म्हणाला. "आठवून लिहिलं."

टाइप करताना त्याने ते रेकॉर्डिंग चार-पाचदा मागे नेऊन ऐकलं होतं. त्यामुळे बरंचसं ध्यानात आहे असं त्याचं म्हणणं. खाली नाव कुणाचं टाकलंस, मी विचारलं. तिचंच, तो म्हणाला, बोलली तीच ना. मी फोन ठेवला.

मग मी ते नीट वाचलं. "हम पूछे" च्या जागी "मैंने पूछा" झालं होतं. दोन ठिकाणी दीदीची ताई झाली होती. आणि एक वाक्य असं होतं की दीदी नेहमी आपल्या नवऱ्याचं कौतुक करायची, साहेब फार वाचतात म्हणायची. मूळ बोलण्यात माझा उल्लेख नव्हता. हे मला नक्की माहीत आहे, कारण दर महिन्याला मी तो शोधत होतो.

ते वाक्य त्याने माझ्यासाठी घातलं होतं. आबांनी एकच खेळणं आणलं की तो माझ्या हातात द्यायचा, तसं. हे कळूनही मला त्याचा राग आला, वहीतल्या त्या सहीचा आला होता त्याहून जास्त. तोवर नातेवाइकांनी ते पान एकमेकांना पाठवलं होतं. इनामगावच्या माझ्या मेव्हण्याचा फोन आला. खोदणाऱ्यांना मिळाला, काय बोलली माझी बहीण, असं म्हणत तो रडत होता. त्याला मी काय सांगणार होतो?

चार दिवस मी मूळ ओळ आठवायचा प्रयत्न केला. वही उघडून बसलो. ती लहान होती, एवढं आठवतं. त्यात एखादा मराठी शब्द होता असं वाटतं. पण तिचा आवाज मनात आणून तो प्रश्न विचारला की दर वेळी तेच येतं. नहीं गया. तिच्या आवाजात, तिच्या त्या जरा ओढून बोलण्यात. ती असं म्हणाली असती, हे खरंच आहे. म्हणाली होती की नाही, ते मला सांगता येत नाही. तीन वर्षं मी जी ओळ भरभर ओलांडत आलो, तिच्या जागेवर आता दादाची ओळ पक्की बसली आहे.

पाचव्या दिवशी, मधल्या सुट्टीत, मी दादाला फोन केला. ते काढ, म्हणालो.

"सगळं?"

"त्या बाईच्या नावाने लिहिलेलं आहे ते."

तो सावकाश म्हणाला, "बरं. मग खरं काय व्हतं ते तू सांग. तसं घालतो."

मी काही सांगू शकलो नाही. तो थांबून होता. त्याच्या घरामागून मालगाडी चालली होती, फोनमध्ये तिचे डबे एकामागून एक वाजत होते. गाडी संपली.

"काढ," मी म्हणालो.

कीबोर्डचा आवाज आला. फार वेळ लागला नाही.

"काढलं," दादा म्हणाला.

पूर्वी मी एवढ्यावर फोन ठेवला असता. फोन कानालाच धरून मी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पान पुन्हा उघडलं आणि शेवटपर्यंत खाली गेलो. त्याने खरंच काढलं होतं.